खाटेशेजारी आई

चंदगड तालुक्यात हाड मोडलं तर माणसं बेळगावला जातात. बाळंतपण अडलं तर बेळगाव, छातीत दुखलं तर बेळगाव, लग्नाचा बस्ता बांधायचा तरी बेळगावच. चाळीसेक किलोमीटरवरचं हे शहर दुसऱ्या राज्यात आहे, याची आठवण शिनोळी ओलांडताना पाट्यांची लिपी बदलते तेव्हा होते, नाहीतर नाही. स्वतःच्या जिल्ह्याचं ठिकाण असलेलं कोल्हापूर शंभर किलोमीटरांच्या पुढं. तिकडं जायचं ते कोर्टाच्या तारखेला, जिल्हा परिषदेच्या कामाला किंवा अंबाबाईच्या दर्शनाला.

आता या तालुक्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. कुणाही एकाचं नव्हे, पण वाड्यावस्त्यांवरच्या अनेक घरांसारखं. बाप गोव्यात हॉटेलात कामाला, आई भात, नाचणी आणि काजूची झाडं सांभाळणारी, मुलगा अकरावीत. आषाढात रोपलावणीचे दिवस, बाहेर पावसाची झड. मुलगा रात्ररात्र झोपत नाही. एकटाच हसतो, कुणाशी तरी बोलतो. आपल्या मनातलं सगळं मोबाईलवरून गावाला कळतं, असं सांगतो. जेवणात कुणी काही घातलंय म्हणून ताट ढकलतो. आधी आई म्हणते, अभ्यासाचं मनावर घेतलंय. शेजारी म्हणतात, बाहेरचं झालंय. रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो, उतारा टाकला जातो. दोन महिने असे जातात. मग एका रात्री तो विहिरीकडं धावतो, चौघं मिळून त्याला धरून आणतात, आणि उजाडल्यावर घरात प्रश्न उभा राहतो: याला न्यायचं कुठं?

चंदगडचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. पण ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण तीस खाटांची सोय. मानसोपचार विभाग त्याच्या आराखड्यातच नसतो. गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय पन्नासेक किलोमीटरवर. कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी शाहू वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं. तिथं मानसोपचार विभाग आहे. बेळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि केएलईचं मोठं रुग्णालयही आहे. धारवाडची डिमहान्स ही १८४५ पासूनची जुनी संस्था बेळगावच्याही पुढं, आणि गोव्याची मानसोपचार संस्था बांबोळीत घाट उतरून. महाराष्ट्र सरकारचं नुसतं मनोरुग्णालय म्हणावं असं यातल्या त्यात जवळचं ठिकाण रत्नागिरीचं, तेही दोनशे किलोमीटरांच्या पलीकडं. आंबोली उतरून, सावंतवाडीवरून, कोकणची लांबी कापत. न झोपलेला, घाबरलेला, गाडीतून उडी मारू पाहणारा मुलगा मधे बसवून हा प्रवास कसा करायचा, याचं उत्तर कुठल्याच सरकारी कागदात सापडत नाही.

पण कायद्यात मात्र आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून देशभर लागू झाला. त्याचं अठरावं कलम सरळ शब्दांत सांगतं की मानसिक आजार असलेल्या कुणालाही, मुलांनाही, उपचारांसाठी लांबचा प्रवास करायला लागता कामा नये. सेवा राहत्या ठिकाणाच्या जवळ मिळाल्या पाहिजेत. मुलांसाठीची मानसिक आरोग्य सेवा ही किमान सेवांच्या यादीत आहे, ती कुणाची मेहेरबानी नव्हे. जिल्ह्यात या किमान सेवा नसतील, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या रुग्णालयात उपचार घेण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि तो खर्च सरकारनं सोसायचा आहे.

इथं चंदगडकरांनी एका शब्दावर बोट ठेवायला हवं: जिल्ह्यातल्या. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असा नकाशा होता, ज्यात जिल्हा म्हणजे जवळपणा. चंदगडचा नकाशा तसा नाही. इथं स्वतःचा जिल्हा लांब आणि परका जिल्हा जवळ. चाळीस किलोमीटरवर खाट असली तरी हक्क मात्र शंभर किलोमीटरांपलीकडच्या खाटेचा. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटकात त्यावरून मोठा गदारोळ झाला. त्या निर्णयामागचं तत्त्व मला मान्य आहे: आजारी माणसाला राज्याची हद्द आडवी येऊ नये. मग तेच तत्त्व हद्दीच्या अलीकडच्या मुलांनाही लागू करावं. आंतरराज्य करार नद्यांच्या पाण्यासाठी होतात, एस.टी.च्या फेऱ्यांसाठी होतात. चंदगडच्या मुलाला बेळगावातल्या सरकारी मानसोपचार विभागात महाराष्ट्राच्या खर्चानं दाखल करून घेण्यासाठी करार होऊ नये, असं कुठलंही कारण मला दिसत नाही.

या मुलाला दाखल करायलाच हवं का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. कारण बहुतेक मुलांना नको असतं. परीक्षेची धास्ती, उदासी, सैन्यभरतीत वारंवार अपयश आल्यावर आलेली खिन्नता, मोबाईलचं वेड, घरातली भांडणं, यांतल्या बहुतेकांना बोलणारं माणूस, काही वेळा औषध आणि नियमित भेटी पुरतात. खाट लागते ती थोड्यांना. ज्याला भास होतात आणि त्यामुळं तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी भीती आहे. जिनं जीव द्यायचा प्रयत्न केलाय आणि तो विचार अजून गेलेला नाही. जो उन्मादात चार-पाच दिवस झोपलेला नाही. जी खाणंच सोडून हाडांचा सापळा झालीय. जो बोलणं-हलणं थांबवून पुतळ्यासारखा बसून आहे. अशांना काही दिवस, काही आठवडे चोवीस तास लक्ष हवं. ते घरी शक्य नसतं, आणि ते न मिळण्याची किंमत फार मोठी असते.

आजार याच वयात सुरू होतात, हे लक्षात घेतलं की ही किंमत नीट कळते. जगभरातल्या अभ्यासांचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावा सांगतो की मानसिक आजारांपैकी जवळपास ३५ टक्के चौदाव्या वर्षाच्या आत आणि ६२ टक्क्यांहून अधिक पंचविशीच्या आत सुरू होतात. म्हणजे शाळा, कॉलेज आणि पहिली नोकरी याच काळात. भास होण्याचा आजार पहिल्यांदा उमटल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका वेळ जातो, तितकी पुढची वाट कठीण होते. म्हणून ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पॅट्रिक मॅकगोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पहिल्या झटक्यातल्या तरुणांसाठी वेगळी सेवाच उभी केली. चेन्नईत सारदा मेनन यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या स्कार्फ या संस्थेनंही पुढं ही दिशा धरली. आपल्याकडं गाऱ्हाण्यात आणि उताऱ्यात गेलेले ते दोन महिने याच हिशोबातले आहेत. त्या आईला मी दोष देत नाही. तिच्या हाकेच्या अंतरावर देऊळ होतं, डॉक्टर नव्हता.

आपल्या राज्यातल्या मुलांचा नेमका आकडा किती, हे विचारलं तर हात रिकामे राहतात. बेंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि उपचारांची गरज असून ते न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के. महाराष्ट्राचा जो आकडा आपल्याला ठाऊक आहे, तो पोलिसांच्या नोंदींतून येतो. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. जिवंत असताना ज्यांची मोजदाद झाली नाही, त्यांची गेल्यावर झाली.

सरकारी खाटा मात्र मोजलेल्या आहेत. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं, आणि येरवड्याचं सगळ्यांत मोठं. मंजूर खाटा येरवड्याला २,५४०, ठाण्याला १,८५०, नागपूरला ९४०, रत्नागिरीला ३६५, एकूण ५,६९५. ही चारही रुग्णालयं इंग्रजी अमलातल्या कल्पनेतून उभी राहिली: वेड लागलेल्या माणसाला गावापासून दूर, उंच भिंतींच्या आत ठेवायचं. तिथले डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी आज त्या भिंतींच्या आतून चांगलं काम करू पाहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सोळा वर्षांच्या मुलासाठी ही रचनाच चुकीची आहे. वर्षानुवर्षं राहिलेल्या, नातेवाईक विसरून गेलेल्या मोठ्या माणसांमध्ये त्याला ठेवायचं, आणि आईनं फाटकाबाहेरून परत गाडी पकडायची. मुलाच्या मनात त्या दिवसाचा अर्थ एकच होतो: मला टाकून दिलं.

कायद्यानं ही गोष्ट ओळखली. सत्त्याऐंशीवं कलम अठरा वर्षांखालच्या मुलांच्या दाखल होण्याबद्दल आहे, आणि ते प्रत्येक पालकानं वाचावं असं आहे. मुलाला दाखल करणं हा अपवाद असला पाहिजे. गावात राहून उपचार होण्यासारखे असतील तर दाखल करायचं नाही. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तशी गरज सांगितली पाहिजे, आणि त्यांतला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. मुलांची जागा मोठ्यांपासून वेगळी हवी. मुलाच्या वतीनं नेमलेला प्रतिनिधी, म्हणजे बहुधा आई किंवा बाप, किंवा त्यांनी ठरवलेली सोबतीण, मुक्कामाचा पूर्ण काळ मुलाजवळ राहिली पाहिजे. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबत बाईच हवी. दाखल झाल्याची खबर ७२ तासांत पुनरावलोकन मंडळाला द्यायची. मुक्काम तीस दिवसांच्या पुढं गेला तर मंडळानं तपासणी करायचीच. मुलांना विजेचे झटके द्यायचे तर पालकाची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात. कुणालाही साखळीनं बांधणं, कुठल्याही रूपात, बेकायदा. २००१ च्या ६ ऑगस्टला तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याशेजारच्या एका खाजगी आश्रयस्थानात साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं आगीत जळून गेली होती. ही ओळ कायद्यात का आहे, हे त्यावरून कळावं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सोबतीचं कलम. कारण त्याच्यामागं इंग्लंड-अमेरिका नाही, आपल्याच देशातली एक परंपरा आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात गर्दी मावेना, तेव्हा डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावलं. घरचं माणूस जवळ असलं की रुग्ण लवकर सावरतो, घरच्यांना आजार कळतो, आणि परत गेल्यावर गोळ्या चुकत नाहीत, हे त्यांनी करून दाखवलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रात कुटुंबासह राहण्याची पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आली. निम्हान्सच्या बाल व किशोर मानसोपचार विभागातही मुलासोबत पालक मुक्कामाला असतात. आई-बाप मुलाचा आजार वाढवतात, म्हणून त्यांना लांब ठेवा, ही पश्चिमेतली जुनी समजूत इथं फारशी रुजली नाही, हे आपलं भाग्य.

पण सोबतीचा हक्क आणि अंतर यांचं गणित एकत्र मांडलं की चंदगडची अडचण उघडी पडते. आईनं तीन आठवडे रत्नागिरीत राहायचं, तर म्हशी कोण बघणार? भाताला कोण जाणार? धाकटी शाळेत कशी जाईल? रोज बुडतो तो वेगळाच. कायदा म्हणतो सोबत राहा. अंतर म्हणतं, राहून दाखव. म्हणून मुलांसाठीची निवासी सोय लहान आणि जवळ असणं ही चैन नव्हे. ती लांब असली, तर कायद्यातली सोबत कागदावरच राहते.

न्यायाच्या बाबतीत ही गोष्ट या भागानं सरकारला पटवून दिली आहे. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ हवं, या मागणीला चार दशकं लागली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी सर्किट बेंच सुरू झालं. पक्षकाराला मुंबईपर्यंत हेलपाटे नकोत, हा युक्तिवाद शेवटी मान्य झाला. त्या लढ्यातली वकील मंडळी, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी अजून इथंच आहेत. आजारी मुलांसाठी तोच युक्तिवाद तितक्याच चिकाटीनं कुणीतरी मांडायला हवा.

काय हवं, ते अवघड नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, आणि त्याच्या आराखड्यात जिल्हा पातळीवर दहा खाटांची आंतररुग्ण सोय धरलेली आहे. कोल्हापूर जिल्ह्याचा आकार आणि चंदगड-आजरा-गडहिंग्लज-भुदरगड हा डोंगरी पट्टा पाहता एक तुकडी गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात असावी. सहा ते आठ खाटा, किशोरांसाठी वेगळ्या, प्रत्येक खाटेशेजारी सोबतीला झोपायची जागा. खिडक्यांना, पंख्यांना, नळांना अशी बांधणी की कुणी गळफास घेऊ शकणार नाही. रात्रपाळीला जागी असणारी, मानसोपचाराचं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका. स्वयंपाकघर, जिथं आया भाकरी थापू शकतील. आणि एक शिक्षक. कारण अकरावीतला मुलगा महिनाभर वर्गाबाहेर राहिला, तर बरा होऊन परतल्यावर त्याचं वर्ष गेलेलं असतं, आणि वर्ष गेलेला मुलगा पुन्हा आजारी पडायला वेळ लागत नाही. सीपीआरचे तज्ज्ञ ठरावीक दिवशी येतील, बाकीच्या दिवशी व्हिडिओवर असतील. मानसोपचारतज्ज्ञ देशात लाखामागं एकही नाही, ०.७५ इतकेच, ते प्रत्येक तालुक्यात बसतील अशी स्वप्नं दाखवण्यापेक्षा त्यांचा वेळ नीट वाटून घेणं बरं.

आणि चांगल्या वॉर्डाची ओळख खाटांवरून होत नाही, तिथला दिवस कसा जातो त्यावरून होते. सकाळी उठवणं, अंघोळ, नाश्ता, थोडा व्यायाम, डॉक्टरांची फेरी, औषध का देतोय हे मुलाला त्याच्या भाषेत सांगणं. दुपारी अभ्यास, संध्याकाळी आवारात खेळ. आठवड्यातून दोनदा आई-बापासोबत बसून बोलणं: चिडला तर काय करायचं, गोळी घ्यायला नाही म्हणाला तर काय, झोप उडायला लागली तर किती दिवस वाट बघायची. आणि घरी जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून. कोणत्या उपकेंद्रात गोळ्या मिळतील, आशाताई कोण, शाळेतल्या कोणत्या बाईंना सांगायचं, पुढची तपासणी कधी. हे जिथं होत नाही, तिथं कितीही चकाचक फरशी असली तरी तो कोंडवाडाच.

भाषेचंही असंच. चंदगडचा मुलगा बोलतो ती मराठी कोकणी आणि कन्नडच्या शेजारानं घडलेली. धारवाडच्या डॉक्टरला ती समजायला दुभाषा लागेल, पुण्याच्या डॉक्टरला तिचा सूर कळणार नाही. मनातली भीती माणूस घरच्या बोलीतच सांगतो. म्हणून या तुकडीतले समुपदेशक आणि परिचारिका हलकर्णी, कोवाड, नेसरी, आजरा या भागातल्या असाव्यात. डोंगरापलीकडं गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संगत या संस्थेनं, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी, स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन उदासी आणि चिंतेच्या रुग्णांना मदत देता येते हे मोठ्या चाचणीतून सिद्ध केलं. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आले. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या परिवर्तन संस्थेतून मानसमित्रांची कल्पना पुढं आली. मांत्रिकाकडं जाणाऱ्या माणसाशी भांडायचं नाही, त्याचं बोट धरून त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं, हे शहाणपण या कामात आहे. चंदगडात देवळाच्या पायरीवर बसणाऱ्या पुजाऱ्यालाही या साखळीत घेता आलं पाहिजे. कौल देताना त्यानं एवढं जरी सांगितलं की गाऱ्हाणं घाला आणि उद्या दवाखान्यातही जा, तरी दोन महिने वाचतील.

एका धोक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सरकारी सोय नसली की ती जागा दुसरं कुणीतरी भरून काढतं. नोंदणी नसलेली व्यसनमुक्ती केंद्रं, 'सुधारगृहं', मुलाला वळण लावून देतो म्हणणाऱ्या निवासी संस्था. दमलेला बाप पैसे भरतो आणि मुलगा कुलपात जातो. दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले आजारही २०१७ च्या कायद्याच्या कक्षेत येतात. उपचारासाठी माणसं ठेवून घेणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी असलीच पाहिजे, आणि ते प्रमाणपत्र मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मुक्तांगणसारख्या, १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या, नावाजलेल्या संस्थांनी दार उघडं ठेवून काम कसं करायचं ते शिकवलं आहे. जिथं आई-बापांना महिनाभर भेटायला मनाई आहे, जिथं मुलाला फोनवर बोलू देत नाहीत, तिथून मुलाला उचलून घरी आणा.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. त्यात जीव द्यायच्या काठावरचा एक तरुण कोकणकिनारी एका अनोळखी बाईच्या घरात राहतो. ती त्याला प्रश्न विचारत नाही, जागा देते, जेवण देते, वेळ देते. निवासी उपचारांचं सार त्या घरात आहे, असं मला नेहमी वाटतं. फरक एवढाच की असं घर प्रत्येकाला योगायोगानं भेटत नाही. ते सरकारनं बांधायचं असतं.

त्यासाठी मुदतही ठरलेली आहे. कायद्याचं एकतिसावं कलम सांगतं की कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत सरकारांनी मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या मनुष्यबळाची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत न्यायची. ती दहा वर्षं मे २०२८ मध्ये संपतात. जिल्हा नियोजन समितीच्या बैठका दर वर्षी होतात, आणि आमदार व पालकमंत्री तिथं बसतात. चंदगड, आजरा, गडहिंग्लजच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून गडहिंग्लजच्या किशोर वॉर्डाची मागणी त्या समितीपुढं ठेवावी, आणि बेळगावबरोबरच्या कराराचा प्रस्ताव आरोग्य खात्याकडं पाठवावा. शाळांनीही आपलं काम सुरू करावं; सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत समुपदेशक असावा असं बजावलं आहे, आणि तालुक्यातल्या अनेक शाळा त्यात बसतात.

वॉर्ड होईल तेव्हा होईल. आज रात्री कुणाच्या घरात मुलगा झोपत नसेल, मुलगी जगायचं नाही म्हणत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येतं. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा, मुलाला एकटं सोडू नका, आणि सकाळी पहिल्या गाडीनं निघा. बेळगाव जवळ पडत असेल तर बेळगावला.